जास्तीचे सतरा यार्ड कुठून आले?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

मी सोलापूरचा, वय ४९. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सहा वर्षांपूर्वी गोल्फचा नाद लागला. महिन्यातले दोन रविवार पुण्याला येरवड्याला खेळायला जातो, एरवी कारखान्याच्या आवारात जाळी लावून मॅटवर सराव करतो. हँडिकॅप २० (म्हणजे राउंडला ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण वीस जास्त). आयर्नचा (धातूच्या हेडच्या, नंबरवार क्लबचा; नंबर लहान तितकी क्लब लांब मारते) सेट जुना, सेकंडहँड घेतलेला. सात नंबर सरासरी १३८ यार्ड जाते आणि बॉल बहुतेक वेळा ग्रीनच्या (होलभोवतीच्या आखूड गवताच्या जागेच्या) अलीकडेच पडतो. आमच्यातले एकजण आठ नंबर घेतात तिथे मला सहा काढावी लागते, याचं वाईट वाटतं. दुकानात वेग-अंतर मोजणाऱ्या मशीनवर दोन नवे सेट मारून पाहिले. पहिल्याची सात नंबर सरासरी १५५ यार्ड गेली, दुसऱ्याची १४३. पण पहिल्याचे दहा बॉल १४१ ते १६३ यार्डांत विखुरले, दुसऱ्याचे १३६ ते १४७ मध्ये राहिले. मित्र म्हणतात, वय वाढतंय, लांब जाणारा घे. शिकवणारे सर म्हणतात, दुसरा घ्या. सव्वा लाख रुपये पुन्हा पुन्हा घालता येणार नाहीत. काय करू? मशीनच्या रिपोर्टचा फोटो जोडला आहे.

उत्तर

नमस्कार.

रिपोर्टचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. एरवी अशा प्रश्नात ‘लांब जाते’ आणि ‘बरी वाटते’ एवढंच हाती असतं. तुमच्याकडे आकडे आहेत, आणि ते नीट वाचले तर तुमचा प्रश्नच थोडा बदलतो.

रिपोर्टच्या खालच्या कोपऱ्यात दोन्ही सेटचे लॉफ्ट छापलेत, ते बघा. लॉफ्ट म्हणजे क्लबचा फेस (बॉलला लागणारी बाजू) मागे किती अंश कललाय; तो जितका कमी, तितका बॉल खालून आणि लांब जातो. पहिल्या सेटच्या सात नंबरचा लॉफ्ट २८.५ अंश आहे, दुसऱ्याचा ३२. तुमच्या जुन्या सेटचं मॉडेल पत्रात लिहिलं आहे, त्यात सात नंबर ३४ अंशांची येते. म्हणजे जुनी आणि पहिली यांत साडेपाच अंशांचा फरक आहे. सेटमध्ये एका नंबरपासून पुढच्या नंबरपर्यंत साधारण तीन ते पाच अंशांचं अंतर असतं. सरळ सांगायचं तर दुकानात तुम्ही जी सात नंबर मारलीत, ती तुमच्या जुन्या हिशेबाने सहा नंबरपेक्षाही थोडी कमी लॉफ्टची होती. त्यात तिचा शाफ्ट (दांडा) अर्धा इंच लांब. जास्तीच्या सतरा यार्डांपैकी बहुतेक यार्ड या दोन गोष्टींतून आले. पातळ, लवचिक फेसमुळे बॉल थोडा वेगाने सुटतो हे खरं आहे, पण त्याचा वाटा उरलेल्या थोड्या यार्डांपुरता.

तुम्ही टॉवेलच्या धंद्यात आहात, म्हणून एकच उदाहरण देतो. लेबलवर ‘बाथ टॉवेल’ छापलंय म्हणून तुमचा गिऱ्हाईक माल उचलत नाही, तो जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन) विचारतो. आयर्नच्या तळावरचा ७ हा आकडा लेबल आहे. जीएसएम म्हणजे लॉफ्ट.

यात कंपन्यांनी फसवलं असंही नाही. फेस पातळ झाला, वजन हेडच्या तळाशी नेता आलं, त्यामुळे बॉल पूर्वीपेक्षा वर सुटू लागला. तो फार वर जाऊ नये म्हणून लॉफ्ट कमी केला. हे सगळं एकमेकांत बसतं. अडचण फक्त तुलना करताना येते. २८.५ अंशांची क्लब आणि ३४ अंशांची क्लब शेजारी ठेवून ‘कुठली लांब जाते’ असं विचारलं, तर उत्तर मारून बघण्याआधीच ठरलेलं असतं. तुमच्या मित्राची आठ नंबर किती अंशांची आहे, हेही त्यांना एकदा विचारा. ती ३३ अंशांची निघाली तर त्यांची आठ आणि तुमची सात जवळजवळ एकच क्लब आहे. आणि फ्लॅगपासून १५० यार्डांवर सहा काढायची की आठ, हे स्कोअरकार्डवर कुठेच लिहिलं जात नाही.

आता १३८ यार्ड ‘कमी’ आहेत का, ते पाहू. रिपोर्टप्रमाणे सात नंबरला तुमच्या क्लबहेडचा वेग ताशी ७६ मैल आहे. ट्रॅकमनने (अशी मोजणीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने) प्रसिद्ध केलेल्या सरासरीत एलपीजीए टूरवरच्या महिला व्यावसायिकांचा सात नंबरचा वेग हाच, ७६ मैल, आहे. त्यांची कॅरी (बॉल हवेतून जातो ते अंतर) १४१ यार्ड येते आणि बॉल ४७ अंशांच्या कोनात खाली उतरतो. पीजीए टूरच्या पुरुषांची जुनी सरासरी ९० मैल, १७२ यार्ड आणि ५० अंश. तुमच्या वेगाला १४० च्या आसपास कॅरी ही चांगल्यापैकी चांगली कॅरी आहे. त्या वेगाने जगातल्या उत्तम खेळाडू जेवढं मारतात, त्याच्या आसपास तुम्ही आत्ताच आहात. फरक आहे तो त्यांचा प्रत्येक बॉल तिथेच पडतो यात.

मग बॉल अलीकडे का पडतो? हौशी खेळाडूंच्या बाबतीत याचं कारण बहुतेक वेळा क्लबच्या निवडीत असतं. सात नंबर कधीतरी एकदा मस्त बसून १५० गेलेली असते. तोच आकडा मनात राहतो आणि १४८ यार्डांवर सात हातात येते. तुमची सरासरी १३८ आहे, म्हणजे निम्मे बॉल १३८ च्याही अलीकडे पडणार. त्यात ग्रीनसमोर बंकर (वाळूचा खड्डा) असेल तर गेलाच. पैसे खर्च करण्याआधी पुढच्या तीन राउंडना एक गोष्ट करा: फ्लॅगचं अंतर न घेता ग्रीनच्या मध्याचं अंतर घ्या, आणि मनात येईल त्यापेक्षा एक नंबर लांब जाणारी क्लब काढा (सातऐवजी सहा). प्रत्येक अप्रोचनंतर (ग्रीनकडे मारलेल्या शॉटनंतर) स्कोअरकार्डवर एकच अक्षर लिहा: अलीकडे ‘अ’, पलीकडे ‘प’, डावीकडे ‘ड’, उजवीकडे ‘उ’, ग्रीनवर ‘ग्री’. तीन राउंडनंतरही ‘अ’च जास्त असतील, तर लांबी हा खरा प्रश्न आहे. ‘ड’ आणि ‘उ’ वाढले, तर लांब सेट घेऊन बॉल झाडीत आणखी आत जाईल.

रिपोर्टमधल्या ज्या रकान्याकडे दुकानात कुणी बोट दाखवत नाही, तो आता पाहा. पहिल्या सेटला बॉल खाली उतरण्याचा कोन ३९ अंश आणि स्पिन मिनिटाला ४,७०० फेरे आहे. दुसऱ्याला ४४ अंश आणि ६,१००. आयर्नचं काम बॉल ग्रीनवर पाडून तिथेच थांबवणं हे आहे. सात नंबरला ४५ अंशांच्या आसपास उतार मिळाला तर बॉल पडल्यावर फार पळत नाही. ३९ अंशांनी, कमी स्पिनने पडलेला बॉल टणक ग्रीनवर आठ-दहा यार्ड सहज पुढे पळतो. १५५ ची कॅरी, वर पळणं दहा यार्ड, आणि मुळात २२ यार्डांचा विखुर. साधारण तीस यार्ड खोल ग्रीनच्या मध्यावर नेम धरलात तर चांगला बसलेला बॉल ग्रीनच्या मागे उतरून जाईल आणि कच्चा बसलेला अगदी पुढच्या काठाशी राहील. दुसऱ्या सेटचा ११ यार्डांचा विखुर त्याच ग्रीनवर निवांत मावतो.

पावसाळ्यात हे जास्त जाणवतं. रफमधलं (कडेच्या वाढवलेल्या गवतातलं) ओलं गवत फेस आणि बॉल यांच्या मध्ये आलं की स्पिन आणखी उतरतो आणि बॉल अपेक्षेपेक्षा पुढे उडतो. गोल्फर याला फ्लायर म्हणतात. ज्या क्लबला मुळातच स्पिन कमी, तिच्या फ्लायरचा अंदाज बांधणं फार अवघड जातं.

इथपर्यंत वाचून तुम्ही दुसऱ्या सेटची ऑर्डर द्यायला निघाला असाल, तर जरा थांबा. तुमची चाचणी पहिल्या सेटवर अन्याय करणारीही असू शकते. रिपोर्टमध्ये पहिल्या सेटच्या डेमो क्लबला ६५ ग्रॅमचा ग्रॅफाइट शाफ्ट होता, दुसऱ्याला १०५ ग्रॅमचा स्टील. तुमच्या जुन्या सेटचे शाफ्ट १२० ग्रॅमच्या आसपासचे आहेत. सहा वर्षं १२० ग्रॅम फिरवणाऱ्या हातात एकदम ६५ ग्रॅम आले की लय बदलते, हात पुढे पळतात, बॉल फेसवर कुठेही लागतो. २२ यार्डांच्या विखुरातला किती भाग हेडचा आणि किती भाग शाफ्टचा, हे या रिपोर्टवरून ठरवता येत नाही. शिवाय पहिला सेट तुम्ही आधी मारलात. पुण्यापर्यंतचा चार-पाच तासांचा गाडीतला प्रवास करून उतरल्यावरचे पहिले दहा बॉल कुणाचेही विखुरतातच.

तेव्हा चाचणी पुन्हा करा, अशी:

जुनी सात नंबर बरोबर न्या. पहिल्या सेटची *आठ* नंबर मागा (ती ३३ अंशांची आहे) आणि दुसऱ्याची सात. तिन्ही लॉफ्टने शेजारी आल्या की तुलना खरी होईल. दोन्ही नव्या क्लबना सारख्या वजनाचा शाफ्ट लावून द्यायला सांगा, ९५ ते १०५ ग्रॅमचा, रेग्युलर फ्लेक्स (मध्यम लवचिक). तुम्ही खेळता तेच नवे बॉल न्या. रेंजचे (सरावाच्या जागेवरचे) बॉल झिजलेले आणि मुळातच कमी उडणारे असतात. वॉर्म-अपला जुन्या क्लबने पंधरा-वीस बॉल मारा, ते मोजू नका. मग आळीपाळीने मारा: एक जुनीने, एक पहिल्याने, एक दुसऱ्याने, पुन्हा जुनी. प्रत्येकी दहा होईपर्यंत. म्हणजे दमल्याचा किंवा हात तापल्याचा फायदा-तोटा तिघींना सारखा मिळतो.

दुकानातला माणूस प्रेमाने वाईट बसलेला बॉल स्क्रीनवरून पुसून टाकतो. त्याला आधीच सांगा, काही पुसायचं नाही. शेवटी प्रत्येक क्लबचा एक सर्वांत लांब आणि एक सर्वांत जवळचा बॉल काढा, उरलेल्या आठांमधलं पुढचं-मागचं अंतर आणि डावं-उजवं अंतर लिहा. सरासरी सगळ्यात शेवटी बघा. मशीन आकडे समुद्रसपाटीला आणि बिनवाऱ्याच्या हवेत धरून दाखवतंय का, तेही विचारा. पुणं साडेपाचशे मीटरहून उंचावर आहे, तिथे मैदानात बॉल दोन-तीन यार्ड जास्तच जाईल.

बॉल फेसवर कुठे लागतो, हे पाहायला मशीनही लागत नाही. हे सोलापुरात, तुमच्या जाळीसमोर करता येईल. व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलवर एक ठसठशीत उभी रेघ काढा. बॉल असा ठेवा की रेघ क्लबच्या बाजूला, सरळ उभी राहील. मारल्यावर रेघेचा ठसा फेसवर उठतो. ठसा कुठे आहे आणि कसा कललाय, दोन्ही बघा. दहा बॉलचे ठसे एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत असतील तर तुमचा स्ट्राइक चांगला आहे, कुठलाही सेट चालेल. हेडच्या टोकापासून (शाफ्टपासून लांबची बाजू) टाचेपर्यंत (शाफ्टजवळची बाजू) पसरले असतील तर कडेला वजन असलेलं, मागे पोकळी असलेलं हेडच घ्या. आणि रेघ कलली असेल तर लाय अँगल (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) चुकलाय. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत रेघेचं वरचं टोक हेडच्या टोकाकडे झुकलेलं असेल, तर क्लब गरजेपेक्षा उभी आहे आणि बॉल डावीकडे जाईल. टाचेकडे झुकलेलं असेल तर क्लब आडवी आहे, बॉल उजवीकडे. हा दोष असताना कितीही महागडा सेट घेतला तरी बॉल वाकडाच जाणार. आणि तो वाकवून दुरुस्त करण्याचा खर्च नव्या सेटपुढे काहीच नाही.

मॅटबद्दलही एक इशारा द्यायला हवा. काँक्रीटवर अंथरलेली मॅट फॅट शॉट लपवते. क्लब बॉलच्या दोन इंच आधी मॅटवर आपटते, घसरते आणि तरीही बॉलला बऱ्यापैकी लागते. जमिनीवर तोच शॉट ढेकूळ उडवून पन्नास-साठ यार्डांवर मेला असता. तुमचा बहुतेक सराव मॅटवर, आणि दुकानातली चाचणीही मॅटवर. रुंद तळाच्या क्लबना याचा फायदा जास्त मिळतो, कारण त्या मॅटवरून छान घसरतात. म्हणून निर्णयाआधी दोन्ही डेमो क्लब निदान वीस बॉल गवतावर मारून बघा. उन्हाळ्यात फेअरवे टणक असताना फार रुंद, जास्त बाउन्सचा (रुतू नये म्हणून तळाला दिलेल्या कोनाचा) तळ उसळतो आणि बॉलच्या पोटात लागतो. पावसाळ्यात मऊ जमिनीत अरुंद तळ रुततो. तुम्ही वर्षातला जास्त खेळ कुठल्या महिन्यांत करता, त्यावर इथे झुकतं माप द्या.

तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे, ते जरा सोडवून पाहायला हवं. एका बाजूला लांब जाणारा सेट, दुसऱ्या बाजूला एकसारखा पडणारा सेट, आणि मधून एक निवडायचा, असं तुम्ही धरून चालला आहात. इतिहास तसा नाही. पिंगचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम हे पेशाने इंजिनिअर. १९६० च्या दशकात त्यांनी आयर्नच्या मागचा भाग कोरून वजन कडेला नेलं, ते मधोमध न बसलेला बॉलही फार भरकटू नये म्हणून. चुकीला माफ करणारं हेड मुळात एकसारखेपणासाठी जन्मलं, लांबी त्याच्यावर नंतर चढवली गेली. आजही मोठं, माफ करणारं हेड आणि सौम्य (म्हणजे जास्त अंशांचा) लॉफ्ट असा मेळ मिळतो. काही कंपन्या, पिंगही त्यांत आली, काही मॉडेलमध्ये जोरकस आणि सौम्य असे दोन्ही लॉफ्ट ऑर्डर करताना निवडू देतात. पहिल्या सेटचं हेड तुम्हाला आवडलं असेल तर विक्रेत्याला हा प्रश्न जरूर विचारा. तो ‘वाकवून देतो’ म्हणाला तर जपून. ओतीव हेड एक-दोन अंशांपलीकडे वाकवायचं म्हटलं तर तडकण्याचा धोका असतो, आणि लॉफ्ट एक अंश वाढवला की बाउन्सही एक अंश वाढतो.

‘वय वाढतंय म्हणून लांब सेट’ हा मित्रांचा सल्ला मनापासूनचा आहे, पण नेमका उलटा पडू शकतो. वेग उतरू लागला की आधी बॉलची उंची जाते. उंची गेली की कमी लॉफ्टच्या क्लबने बॉल हवेत राहतच नाही. पहिल्या सेटची पाच नंबर २२ अंशांची आहे, सहा २५ ची. सात नंबरला ७६ मैल वेग असलेल्याच्या हातात या दोन क्लब बहुधा एकाच जागी बॉल टाकतील, आणि पाच नंबरचा नीट न बसलेला बॉल सहाच्याही अलीकडे पडेल. पैसे दोन क्लबचे, काम एकीचं. सातमध्ये कमावलेले यार्ड असे वरच्या टोकाला हातातून जातात. वय वाढताना कामाला येतात ते हलके शाफ्ट (पण सवय करत करत, १२० वरून आधी १०० कडे), आणि पाच-सहाच्या जागी हायब्रिड (वुड आणि आयर्न यांच्या मधली, बॉल सहज उंच उडवणारी क्लब). साठीकडे आलेल्या आणि नव्याने खेळू लागलेल्या स्त्री-पुरुष वाचकांनीही हेच ध्यानात धरावं: सात नंबर ११०-११५ यार्डांच्या खाली जात असेल तर आधी उंची मिळवा, पुढच्या टीवरून (ग्रीनला जवळच्या सुरुवातीच्या जागेवरून) खेळा, लॉफ्ट कमी करू नका.

लांब सेट ज्याला खरोखर शोभतो असाही एक खेळाडू असतो. त्याचा बॉल मुळातच उंच आणि भरपूर स्पिनने उडतो, वाऱ्यात फुगतो, ठसे नाण्याएवढ्या जागेत येतात आणि तरी कॅरी कमी पडते. त्याला चार अंश कमी लॉफ्टने फायदाच होईल, कारण खाली येण्याचा कोन तरीही ४५ च्या आसपास राहील. तुमचा रिपोर्ट तसा नाही.

खालच्या टोकाचा हिशेबही सव्वा लाखात धरा. वेज म्हणजे जवळच्या शॉटसाठीच्या जास्त लॉफ्टच्या क्लब. पहिल्या सेटची पिचिंग वेज ४३ अंशांची, तुमची सँड वेज ५६ ची. मध्ये तेरा अंशांची दरी. तुमच्या वेगाला पिचिंग ११० च्या आसपास आणि सँड ७५ च्या आसपास जाईल. ८० ते १०५ यार्डांवर प्रत्येक वेळी अर्ध्या-पाऊण स्विंगचा अंदाज करत बसावं लागेल. म्हणजे ४८-४९ ची गॅप वेज घेणं भागच आहे. दुसऱ्या सेटची पिचिंग ४६ ची आहे, तिथे ५१ ची एक वेज मध्ये बसली की काम झालं. दोन्हीकडे एकेक वेजचा खर्च आहेच. पहिल्या सेटला मात्र ४९ आणि ५६ मधले सात अंश तरी उरतात, आणि आज ना उद्या तुम्ही तिथे आणखी एक क्लब शोधाल. बॅगेत चौदाच क्लब चालतात, पण तुमच्यासारख्याला बाराही पुष्कळ होतात: ड्रायव्हर, पाच नंबर वुड, दोन हायब्रिड, सहा ते पिचिंग अशा पाच आयर्न, दोन वेज, पटर.

तिसरा पर्याय जुन्या सेटचा. तो पत्रात तुम्ही विचारातच घेतलेला दिसत नाही. सेट सेकंडहँड आहे, म्हणजे त्याचे लॉफ्ट आणि लाय आज छापल्याप्रमाणे असतीलच असं नाही. दणके खाऊन ते एक-दोन अंश सरकतात, आणि मग सात-आठमध्ये सहा यार्डांचं आणि आठ-नऊमध्ये पंधरा यार्डांचं अंतर पडतं. लॉफ्ट-लाय मोजण्याचं यंत्र असलेल्या क्लब दुरुस्तीवाल्याकडे सगळ्या क्लब मोजून घ्या. ग्रिप दाबून बघा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत राहिलेलं रबर कडक आणि गुळगुळीत होतं, हात नकळत जास्त घट्ट धरतात आणि फेस वळायचा थांबतो. त्याच उष्णतेने हेड आणि शाफ्ट जोडणारा इपॉक्सीही मऊ पडू शकतो. शाफ्टच्या खालच्या टोकाचं काळं प्लास्टिकचं कडं हेडपासून सुटून वर सरकलेलं दिसलं, तर ती क्लब तपासल्याशिवाय मारू नका. नवा सेट घेतलात तरी बॅग डिकीत ठेवायची सवय आजपासून मोडा. फेसवरच्या खाचांतली माती दाताच्या जुन्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने काढा. खेळताना बॅगेला टॉवेल अडकवा, एक टोक ओलं, एक कोरडं, आणि प्रत्येक शॉटनंतर फेस पुसा. टॉवेलची तुम्हाला कमतरता नाही, आणि टेरीचा जाड लूप खाचेतून माती ओढतो तेवढी पातळ नॅपकिनने निघत नाही. मातीने भरलेल्या खाचांवर दुसऱ्या सेटचा स्पिनही पहिल्यासारखाच होईल.

मोजमाप, ग्रिप आणि हवे तर १०० ग्रॅमचे नवे शाफ्ट एवढं केलं तरी नव्या सेटच्या मानाने खर्च बराच कमी होतो. चाचणीत जुनी सात नंबर दुसऱ्या सेटच्या सातइतकीच एकत्र पडली तर मी तुम्हाला हाच मार्ग सुचवीन, आणि वाचलेले पैसे एक हायब्रिड, एक वेज आणि सरांच्या शिकवणीत घाला.

तशी ती पडली नाही, तर आज समोर असलेल्या आकड्यांवरून माझा कल दुसऱ्या सेटकडे आहे. एकाच गोष्टीने तो बदलेल: पहिल्या सेटची आठ नंबर, योग्य वजनाच्या शाफ्टसह, दुसऱ्याच्या सातइतकीच एकत्र पडली आणि ४४-४५ अंशांनी उतरली, तर पहिला सेटही खुशाल घ्या. तेव्हा मात्र तो सहापासून घ्या, पाच नंबर घेऊच नका, आणि गॅप वेज त्याच सेटमधली मागा.

कुठलाही घेतलात तरी ऑर्डर देताना चार गोष्टी बिलावर लिहून घ्या: प्रत्येक क्लबचा लॉफ्ट, लाय, शाफ्टचं नाव आणि वजन, ग्रिपची जाडी. माल आला की दुकानातच सात नंबर आणि पिचिंग यंत्रावर ठेवून मोजायला सांगा. एका अंशाचा फरक चालतो, दोन अंशांचा असेल तर तिथेच परत द्या. घरी आणल्यावर पहिल्या महिन्यात प्रत्येक क्लबचे दहा-दहा बॉल गवतावर मारून तुमची कॅरी कागदावर लिहा, तो कागद बॅगेच्या वरच्या खिशात ठेवा आणि दर हंगामात तपासा. त्यात सर्वांत लांब गेलेला आकडा लिहू नका, दहातले सात बॉल जिथवर नक्की पोचतात तो लिहा.